सात नंबरची फळी

सालातिगा, ४ जून

ती. बुदे वार्सी यांस,
सेनोचा सा. न. वि. वि.

गेल्या मंगळवारी दुपारी को हेंद्राच्या कॉम्प्युटरच्या दुकानात मी एका खुर्चीत बसलो आणि उठलो तो दुसराच माणूस होऊन. माझं सगळं त्या खुर्चीत बदललं.

भाच्याला हसू नका. तुमचं हसणं जेपाराहून इथवर ऐकू येतं. फोनवर मी भांडतो आणि मध्येच बंद करतो, म्हणून महत्त्वाचं असेल ते कागदावर लिहायचं, हा तुमचा हुकूम. तर लिहितो.

खुर्चीसमोर कॉम्प्युटरचा एक मॉनिटर होता. रुंदीला आपल्या जेवणाच्या टेबलाएवढा, आणि दोन्ही कडांनी बसणाऱ्याकडे वळलेला. कुणी आपल्याला जवळ घ्यायला हात पुढे करावेत, तसा. मी आमच्या कॉम्प्युटरवरच्या खेळातली चित्रं बरोबर नेली होती. म्हणजे लारास गोष्ट लिहिते आणि मी चित्रं काढतो तो खेळ, रावा पेनिंगच्या तळ्यातून होडी नेणाऱ्या मुलीचा. घरच्या जुन्या पडद्यावर मला तळं तुकड्या-तुकड्यांनी बघावं लागतं. तिथे ते एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत अख्खं उघडलं. जलपर्णी, धक्का, मागे मेरबाबूचा डोंगर, सगळं एकदम. बुदे, मी श्वास घ्यायचा विसरलो.

लारास बरोबर होती. सेमारांगच्या नोकरीतून दोन दिवस आली होती. मी विचारलं, घेऊया ना? ती म्हणाली, हो, छान आहे. आता तुम्हीच सांगा, यापुढे काय उरलं? मॉनिटर आला की ती ती कंटाळवाणी नोकरी सोडेल, इथे येईल, आणि आम्ही खेळ पुरा करू. असं ती म्हणाली नाही, पण माणसाला कळतं. माझ्या आधीच्या कामाचे पैसे साठलेत, तेव्हा तो प्रश्न नाही.

प्रश्न सात नंबरचा आहे. मॉनिटर मावेल अशी जागा फक्त पुढच्या खोलीत आहे, आणि तिथे तुमच्या वार्नेटची, त्या इंटरनेट कॅफेची, शेवटची निशाणी उभी आहे. बाकीचे कप्पे तुम्ही जाताना मोडून विकलेत, सात नंबर तेवढा राहिला. दोन्ही बाजूंच्या प्लायवूडच्या फळ्या काढल्याशिवाय मॉनिटर आत शिरत नाही. त्या कप्प्यात मी आणि लारास लहानाचे मोठे झालो, हे तुम्हाला ठाऊक आहे. काढायला जड जाईल, पण काढीन. फळ्या तुमच्या आहेत, म्हणून परवानगी हवी.

इबूला विचारलं तर म्हणाली, कॉलेज सोडताना कुणाला विचारलं होतंस, आता एवढा आज्ञाधारक कसा झालास? आई आहे की सासू, कळत नाही.

माझ्यावरचा लोभ परवानगीबरोबरच पाठवा.

तुमचा,
सेनो


जेपारा, ११ जून

चि. सेनो यास,
बुदेचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. अक्षर अजून तसंच आहे, पावसात सापडलेल्या कोंबड्यांसारखं. माझ्या लेकाने, युदीने, वाचायला मदत केली आणि मॉनिटर म्हणजे काय तेही त्याच्या फोनवर दाखवलं. मला तो उलटा वाटला. आपल्या वार्नेटचे मॉनिटर आठवतात ना? काच आपल्याकडे फुगलेली, मागे हे एवढं पोट. आमचे हे, तुझे पाक्दे सुवोंदो, त्यांना माझे भाऊ म्हणायचे, स्वतःचं पोट विसरून. धूळ पुसायला फडकं फिरवलं की काच चटचट करायची आणि माझ्या हातावरचे केस उभे राहायचे. आता पोट आत गेलं म्हणायचं.

गल्ल्यावर बसून मी काय बघितलं असेल, तर पोरांच्या पाठी. तोंडं पडद्याकडे, पाठी माझ्याकडे. एकटा आला की बाकाच्या बरोबर मधोमध बसायचा, राजासारखा. दोघं आले की एक इकडे सरकायचा, एक तिकडे, आणि मधली जागा रिकामी. तू आणि लारासही तसेच. तिच्या आईचा जामूचा काढा विकून होईपर्यंत ती तुझ्या शेजारी बसायची, हातात चहा भरलेली प्लास्टिकची पिशवी, तिला प्यायची नळी. तू हरलास की उठून दार आपटायचास. बिजागरी खचलेलं ते दार. पाक्देंनी तुला कितीदा दाखवलं, की असं जरा उचलायचं आणि मग ओढायचं, म्हणजे आवाज येत नाही. तू एकदाही उचललं नाहीस. तुझ्या कॉलेजातलं दार तरी नीट होतं का रे? तेही आपटूनच आलास म्हणून ऐकते.

फळी तुझीच समज. मला जेपारात प्लायवूड काय करायचंय, इथे सुनेच्या माहेरचे लोकसुद्धा सागवान कोरतात. पण हात लावण्याआधी एका गोष्टीचं उत्तर दे. दुकानात तू खुर्चीत बसला होतास. लारास कुठे होती?

आणि ले, माझ्या बाळा, तू जावाचा मुलगा आहेस. आपल्याकडची पोरगी हसून हो म्हणते ती तुझं ऐकल्याची पोच असते. कबुली निराळी. हे तुला माझ्यासारख्या म्हातारीने सांगावं का?

पोटभर जेव. रागावलास तर रागाव, पण कागदावर.

तुझी,
बुदे


सालातिगा, १७ जून

ती. बुदे यांस,
सा. न. वि. वि.

रागावलोय, आणि कागदावरच.

लारास माझ्या मागे उभी होती. डाव्या खांद्यामागे. दुकानात एकच खुर्ची होती, त्याला मी काय करू? आणि त्याचा मॉनिटर घेण्याशी काय संबंध? मी परवानगी मागितली होती, उलटतपासणी नाही.

को हेंद्राने दुकानात मांडलेला मॉनिटर मला वापरून बघायला दिलाय. नवा माल आला की परत करायचा किंवा पैसे भरायचे. सध्या तो जेवणाच्या टेबलावर आहे. इबू त्याच्या कडेने वाट काढत भाताची टोपली ठेवते आणि रोज नवं नाव देते. काल म्हणाली, सरक, तुझ्या बायकोला आमटी सांडेल.

पण काम बघाल तर थक्क व्हाल. तळं सगळं नव्याने काढलं. खालच्या काठाला पाण्याची रेघ कडांना वाकल्यासारखी वाटत होती, ती इंच-इंच सरळ केली. इतकं सरळ पाणी मी आजवर काढलं नव्हतं. अभिमानाने लारासला पाठवलं. तिचं उत्तर आलं, की पाणी दोन्ही टोकांना वर चढलंय, वाडग्यातल्या सूपासारखं. होडी घसरून मधोमध येईल.

बुदे, मी फोन केला. करायला नको होता. मी म्हणालो, ऑफिसात बसून बिलं तपासणाऱ्यांनी मला पाणी शिकवू नये. ती एवढंच म्हणाली, बरं. मी फोन आपटला. त्यानंतर मी किती वेळा लावला, ती उचलत नाही. इबूला विचारू नका, ती तिच्या बाजूची आहे. सगळं जगच तिच्या बाजूचं आहे, आणि गंमत म्हणजे मीसुद्धा.

झोप येत नाही. डोळे मिटले की पाणी दिसतं, ते मला सरळच दिसतं. आणि तुमचा तो प्रश्न चपलेतल्या खड्यासारखा टोचतो. का विचारलात?

लोभ ठेवा म्हणायचं तोंड नाही. तरी ठेवा.

सेनो


जेपारा, २३ जून

चि. सेनो यास,
आशीर्वाद, आणि एक टपली.

तुला त्या फळ्यांची गोष्ट सांगते. तुझ्या इबूलाही ठाऊक नाही.

वार्नेट काढायची कल्पना पाक्देंची. पुढच्या खोलीत टेबलं एका ओळीत मांडायची, मध्ये काही नको, पोरांना मोकळं वाटेल, असा त्यांचा बेत. कागदावर चित्र काढून ते मला दाखवायला आले. मी स्वैपाकघराच्या दारात सोयाबीनचं टेम्पे तळत होते. ते म्हणाले, कसं आहे? मी म्हणाले, हो, छान आहे. आणि पुन्हा कढईकडे वळले.

ते खूश होऊन गेले. फाटकापर्यंत गेले असतील, नसतील. परत आले, चपला काढल्या, आणि मी उभी होते तिथे येऊन उभे राहिले. मला कोपराने बाजूला सारलं, कारण जागा केवढीशी. तिथून त्यांनी पुढच्या खोलीकडे बघितलं. टेबलांची सगळी ओळ, आणि प्रत्येक टेबलावरून थेट माझं स्वैपाकघर. दिवसभर परक्या पोरांनी मला घामेजलेली, केस सुटलेली, चुलीपुढे वाकलेली बघायची. मी हे कधी बोलले नसते. दुसऱ्या दिवशी ते प्लायवूड घेऊन आले.

लोकांना वाटायचं, कप्पे पोरांना लपून बसता यावं म्हणून आहेत. ते माझ्यासाठी होते. मी ते कधी बोलले नाही, त्यांनीही नाही. ते गेले तेव्हा बाकीच्या फळ्या मी विकल्या, सातची विकवेना. काउंटरवरून तीच सगळ्यात जवळ होती. संध्याकाळी गर्दी ओसरली की ते तिथल्या बाकावर येऊन बसायचे, एका कडेला.

म्हणून विचारलं रे. बाकी त्या यंत्रातलं मला काही कळत नाही. चांगलं असेलही. तुझं तू ठरव.

माझ्या उंबऱ्यावर यायचा तुझा हक्क अजून आहे. येताना एंटिंग-एंटिंग आण, इथली शेंगदाण्याची वडी दाताला चिकटते.

बुदे


सालातिगा, २९ जून

ती. बुदे यांस,
सेनोचा सा. न. वि. वि., या वेळी खरोखर वाकून.

तुमचं पत्र उभ्याउभ्या वाचलं आणि उभाच राहिलो. मग मॉनिटर चालू केला, खुर्ची समोर ठेवली, आणि तिच्या मागे डाव्या बाजूला गेलो. लारास माझ्यापेक्षा बुटकी, म्हणून गुडघे वाकवले.

तिथून तळं नव्हतंच. डावी कड माझ्यापासून तोंड फिरवून बसली होती. तिकडचं सगळं पातळ पट्टीसारखं दिसत होतं. आणि डावीकडेच तो धक्का आहे, बुदे, जिथून मुलगी होडी सोडते. गोष्टीची सुरुवात. लारासने सगळ्यात आधी लिहिलेला भाग. उजव्या कडेवर खिडकीचा उजेड पडला होता, दुकानातही तिकडे काचेचं दार होतं. ती तिथे उभी राहून माझ्या डोक्यावरून हे बघत होती, मी श्वास विसरलो होतो, आणि मी तिला विचारलं, घेऊया ना?

खात्री करावी म्हणून इबूला हाक मारली. मी खुर्चीत बसलो, तिला मागे उभं केलं आणि विचारलं, कसं दिसतं? ती म्हणाली, हो, छान आहे. अगदी त्याच सुरात. मी हसायला लागलो तर तिला वाटलं, पोराला ताप आला.

मग तेच चित्र जुन्या सपाट पडद्यावर उघडलं. पाणी वाडग्यासारखंच आहे. दोन्ही टोकांना वर चढलंय, माझ्या एकट्याच्या खुर्चीतून सरळ दिसावं म्हणून मीच चढवलंय. लारासचं बरोबर होतं, आणि ती ते किती सौम्यपणे म्हणाली होती.

मॉनिटर आज सकाळी परत दिला. को हेंद्रा चिडला नाही. म्हणाला, एकट्याने काम करणाऱ्याला याच्यासारखी वस्तू नाही, तसं करायचं ठरलं की ये. कदाचित जाईनही. वस्तूचा काही दोष नाही. टेबल इतकं रिकामं दिसतंय की इबूलाही चुकल्यासारखं वाटतंय. दुपारी सवयीने वळसा घेऊन आली.

आता तुम्ही रागवाल असं एक सांगतो. मॉनिटर घ्यायचा नव्हता, तरी सातच्या फळ्या काढल्या. आधी पाक्देंच्या बाकावर बसून बघितलं. मधोमध बसवेना, आपोआप कडेला सरकलो. गुडघे टेबलाला लागले, खांदा फळीला. आम्ही कधीच त्यात मावेनासे झालोय, मी मात्र वर्षानुवर्षं तो आमच्यासाठी राखत बसलो होतो. खिळे हळूच काढले, प्लाय कुठे फाटू दिलं नाही. दोन्ही फळ्या कापडात गुंडाळून ठेवल्यात. मास युदीचा ट्रक इकडे आला की तुमच्याकडे पाठवतो. त्या आमच्या नव्हत्याच, तुमच्या आहेत. बाक तेवढा मला द्या.

खोली मोठी दिसते. काउंटर होतं तिथून थेट स्वैपाकघर दिसतं. इबू तिथे वांगी चिरतेय आणि मी काय लिहितोय ते बघायला मान लांब करतेय.

मी सेमारांगला निघालोय. फोन करणार नाही, ते मला जमत नाही हे सिद्ध झालंय. तिच्या ऑफिससमोर थांबेन, ती सुटली की क्षमा मागेन. मग नीट केलेलं पाणी दाखवेन आणि तुला कसं दिसतं ते विचारेन, आणि गप्प बसेन. नोकरी सोडून ये असं म्हणणार नाही. तिला यायचं आहे का, हे मी तिला कधी विचारलंच नव्हतं, बुदे. सगळं मीच ठरवलं होतं, तिच्या वाटचं ‘हो’सुद्धा. ती नाही म्हणाली तर ते ऐकून परत येईन. नुसतं हो, छान आहे म्हणाली, तर तिच्या शेजारी जाऊन उभा राहीन आणि तिथून काय दिसतं ते बघेन.

इबूने केळीच्या पानात भात बांधून दिलाय, एकाचा नाही, दोघांचा.

तुमचा लोभ बरोबर नेतोय, मागितल्याशिवाय.

तुमचा,
सेनो

ता. क. हे चपला घालून, उंबऱ्यावर पाकीट गुडघ्यावर धरून लिहितोय. स्टँडवरच्या पेटीत टाकीन. बस यायला वेळ आहे, तरी निघतो, नाहीतर धीर जाईल. बिजागरी आणखी खचलीय. दार जरा उचललं, ओढून घेतलं. इबूला विचारा, आवाज आला का.