वडिलांची बहीण

२ मे १९८८

पुन्हा चुकलं! सरावाच्या पेपरात प्रश्न काय, तर कमलच्या वडिलांची बहीण कमलची कोण? मी लिहून मोकळी – सासू. माझी तयारी करून घेणारे भैयाजी हसून हसून बेजार. "आत्या वं पोरी! सासू काहून?"

तीस वर्षं कोर्टात कारकुनी केलेल्या माणसाला काय सांगू? आमच्यात आत्याच सासू होते. माझीही होणार, पाळण्यात असल्यापासून ठरलंय. तिचा मुलगा रुपराव हिंगण्याला कारखान्यात लागल्यापासून सगळ्यांना लग्नाची घाईच सुटली आहे.

"दिलं तेवढंच धराचं. घरचं डोक्यात आणाचं नाही," भैयाजी म्हणाले. कसं नाही आणायचं?

५ मे

तर्काच्या भागात वीसपैकी चौदा. लॉ स्कूलची प्रवेश परीक्षा बावीस तारखेला. जमेल का? जमायलाच हवं!

९ मे

माझ्या मैत्रिणीचं, गोपिकाचं हॉल तिकीट आलं. माझं नाही. दोघींनी एकाच दिवशी फॉर्म भरले. तिचा तिने पोस्टात टाकला, माझा बाबांनी – म्हणजे टाकतो म्हणाले होते.

१३ मे

बाबा आज हातमाग बंद ठेवून उमरेडला आत्याकडे गेले. एकटेच. परत आले ते जेवलेच नाहीत. आई माझ्याकडे बघत नाही.

विधान एक – फॉर्म बाबांकडे होता. विधान दोन – हॉल तिकीट नाही. विधान तीन – बाबा उमरेडला जाऊन आले. निष्कर्ष काढायला भैयाजी कशाला हवेत? लग्न पक्कं केलं!

१४ मे

बाबांना बोलले मी. नको नको ते बोलले. "फॉर्म टाकलाच नाही ना तुम्ही? फसवलंत मला!" बाबा मागावरून उठलेसुद्धा नाहीत. "झालं बोलून?" एवढंच म्हणाले. त्याचाच जास्त राग आला. एक शब्द तरी बोलायचा होता!

१६ मे

भैयाजींकडे गेले नाही. बाबांशी बोलत नाही. पुस्तकाला हात लावलेला नाही.

१८ मे

हॉल तिकीट आलं.

आईला विचारलं, मग बाबा उमरेडला कशाला गेले होते?

"लगन होनार नाही, हे सांगाले. पोरीले शिकू दे म्हने. तुयी आत्या बोलली, आजपासून मले भाऊ नाही. तुया बापानं मले गप राहाले सांगतलं – परीक्षा होऊ दे तिची."

मागापर्यंत दोनदा जाऊन परत आले. तिकीट अजून हातातच आहे.