रॉइसचे बूट

ड्राय फोर्क, टेक्सास

प्रिय आईस,

मी बरा आहे. डब्यातल्या घेवड्यावर दिवस काढतोय. तुझा गुडघा कसा आहे?

शेरीफच्या तुकडीबरोबर बँक लुटणाऱ्यांच्या मागावर असताना काल ओढ्यातल्या चिखलात बुटाचे ठसे दिसले. टाच आतून झिजलेली, म्हणजे आपला रॉइसच. मी म्हणालो, "कुणा गुराख्याचे असतील." शेरीफ हसले, "सख्ख्या भावाला ओळखत नाहीस होय रे?"

ठसे आपल्या घराकडे वळलेत. उद्या सकाळी दार मलाच वाजवायला लावणार आहेत. माझ्यामागे नऊ बंदुका असतील.

तुझा फोन ते ऐकतात, म्हणून इर्माकाकूंच्या हाती चिठ्ठी देतोय. रॉइसला पोटभर जेवू घाल आणि लहानपणी लपवायचीस तसे त्याचे बूट लपव. आई, हात जोडतो, उद्या त्याला पळू देऊ नकोस.

तुझा धाकटा,
कोल्बी