टोपलीखालचं पीठ

माय, आज दुपारी धाकटी आली, तुझं शेंडेफळ, आणि पिशवीतून तिनं ते पुस्तक काढलं. तेच. कव्हर नवं आहे, आतली अक्षरं मोठी केलीत, पण पहिली ओळ वाचली आणि मी ते मिटून ठेवलं. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आठवायचा तर मला डोळे मिटावे लागतात. ती उन्हाळ्यातली दुपार मात्र डोळे उघडे ठेवूनही दिसते. कामरगावचं आपलं दोन खणांचं घर, बाबांचं शिलाईचं मशीन कोपऱ्यात, तू पाटावर शेवया वळते आहेस, आणि मी उंबऱ्याशी दाराला पाठ लावून मोठ्यानं वाचते आहे.

मी नुकती सातवी पास झाले होते. घरात छापील म्हणावं असं एक पंचांग, बस. मास्तरीणबाईंनी सुटीत वाचायला म्हणून ती कादंबरी दिली तेव्हा मी एकटीच कोपऱ्यात घेऊन बसणार होते, पण तू कुठली सोडतेस. "मोठ्यानं वाच वो, मलेबी आयकू दे. एवढी शिकवली ते कायले?" म्हणालीस. मग रोज दुपारी वाचन. एका सुनेची गोष्ट होती. नवरा परमुलखात गेलेला, लेकरू तापानं दगावलेलं, घरातली माणसं एकेक करून पांगलेली, आणि ही बाई दारात उभी राहून वाट बघते आहे. तू मधूनमधून त्या नवऱ्याला अशा शिव्या घालायचीस की मला वाचताना हसू यायचं. भिंतीपलीकडच्या पिंजाऱ्याच्या चाचीलाही नाद लागला होता. मी वाचायला लागले की तिकडचा कापूस पिंजायचा टणत्कार थांबायचा, यावरून कळायचं की चाची ऐकते आहे.

शेवटच्या प्रकरणात ती बाई तापानं फणफणून उंबऱ्यावर पडते, पाणी मागते, आणि रिकाम्या घरात तशीच मरते. पान उलटलं तर मागे कोरं पान होतं. मी तेही उलटून पाहिलं, मागे काही असेल म्हणून. तुझ्या हातातली शेवई तशीच लोंबत होती.

"मंग?" तू विचारलंस.

"संपलं."

"असं कसं संपलं? तिच्या तोंडात पानी कोनी घातलं?"

"कोणीच नाही."

"अगं बाई! कोन्या गावची होती वो? तिच्या मायले तरी कळवलं का नाई?"

छापलंय म्हणजे घडलंय, असं तू धरून चालली होतीस. मी डोळे पुसत तुला समजावलं की माय, ती खरी नाही, कुणीतरी मनानं लिहिलंय. तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "खोटी हाय तं तू कायले रडून राह्यली?" इतकी पुस्तकं वाचली मी पुढं, दर वेळी रडताना तुझं हेच आठवतं.

त्या दिवसापासून मला घास गिळेना. भाकर तोंडात फिरायची नुसती. पाण्याचा गडवा ओठाला लावला की ती आठवायची आणि गडवा खाली ठेवायचे. तू आधी रागावलीस, मग लाडीगोडी लावलीस, मग मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढलीस. पण मी तुला एक सांगितलं नव्हतं. उंबऱ्यावरून जाताना मी अंग चोरून जाऊ लागले होते, दारात कुणी उभं असलं की आपण जातो तसं. आणि एका सकाळी पाहिलं तर तूही तशीच अंग चोरून आत आलीस. आपण दोघींनी एकमेकींकडे बघितलं, आणि तू पदर सावरत चुलीकडे गेलीस.

मग तू संध्याकाळी दाराबाहेर पाण्यानं भरून गडवा ठेवायला लागलीस. सकाळी तो कोरडा असायचा, आतून पुसून ठेवल्यासारखा. बाबा म्हणाले, "वैशाख हाय, आटते पानी." आटतं, खरं आहे. पण रात्री बाहेर ठेवलेला गडवा सकाळी उंबऱ्याच्या आत कसा येतो? बाबांनी तो उचलून जागेवर ठेवला आणि मशीनवर जाऊन बसले.

धनजच्या बाजाराचा दिवस होता. बाबा पहाटेच शिवलेले कपडे घेऊन गेले, आणि तू चूल पेटवलीच नाहीस. डोक्यावरून आंघोळ केलीस, मलाही घातलीस. "तिचं सुतक कोनी पाळलं नाई, म्हनून ती जाऊन नाई राह्यली," एवढंच म्हणालीस. चाची भिंतीवरून डोकावली. "अगे, किताब में की औरत मरी, तो तुम्हारा चूल्हा कायकू ठंडा?" पण थोड्या वेळानं स्वतःच दारात आली, सुपात लाह्या आणि गुळाचा खडा घेऊन. मयताच्या घरी रिकाम्या हातानं येऊ नये, म्हणाली. ऊन कलल्यावर बाबा आले. थंड चूल, आपले ओले केस, दारातली चाची बघून त्यांचा चेहरा उतरला.

"कोन गेलं?"

"पोरगी गेली एक," तू म्हणालीस.

बाबांनी डोक्यावरचा पटका काढला आणि ओट्यावर बसले. मग सगळं कळल्यावर जे भडकले! "कागदातल्या बाईचं सुतक? डोक्सं फिरलं काय मायलेकीचं?" बोलले खूप, पण दिवे लागेपर्यंत पटका काही पुन्हा डोक्यावर चढवला नाही. माझ्या बाबांचा मला कधी इतका लळा वाटला नव्हता.

दिवेलागणीला मी वाचायला बसायचे त्या जागेवर, उंबऱ्याच्या आतल्या अंगाला, तू ज्वारीचं पीठ पसरलंस. तळहातानं सारखं केलंस, शेजारी दिवा लावलास आणि वर टोपली झाकलीस. माणूस गेलं की आपल्याकडे हे करतात. सकाळी टोपली उचलायची आणि पिठावर काय उमटलं ते बघायचं. पाखराचं पाऊल असलं तर पाखराचा जन्म मिळाला, सापाचा माग असला तर सापाचा. पण ते घरच्या माणसासाठी करतात. तू टोपलीवर हात ठेवून म्हणालीस, "बाई, तुयं कोनी नाई केलं, आमी करून राह्यलो. माह्या पोरीले सोड. मोकळी हो." माझ्यासाठी तू किती भ्यालेली होतीस ते मला त्या वेळी कळलं.

सकाळी तू टोपली उचललीस. दिवा जवळ धरून बघितलंस. मग तळहातानं पीठ सपाट केलंस आणि माझ्याकडे वळून म्हणालीस, "पाखरू हाय. उडून गेली. चाल, तोंड धू, भाकर खाय." मी खाल्ली. गडवाभर पाणी घटाघटा प्यायले, मग तुझ्या मांडीवर डोकं ठेवून पोटभर रडले आणि दुपारपर्यंत झोपले. उंबऱ्यात मग मला पुन्हा कधी अंग चोरावं लागलं नाही. पुस्तक तू त्याच दिवशी परत द्यायला लावलंस.

पुढचा उन्हाळा यायच्या आत धाकटी झाली. माझ्यामागची लेकरं तुला लाभली नव्हती, म्हणून कोणालाच आशा नव्हती. सुईण मधाचं बोट घेऊन पुढं आली तर तू अंथरुणातूनच तिचा हात धरलास. "आधी पानी," म्हणालीस. सुईण हसली. मी दाराआडून बघत होते, मला हसू आलं नाही. पुढं ती पोर चालायला लागली तर सारखी दारात जाऊन उभी राहायची, आणि तू काम टाकून उठायचीस, तिला आत आणायचीस, पाणी पाजायचीस. "तहान लागली नाई मले," ती कुरकुरायची. तरी पाजायचीस.

तर आज ती आली. नातवंडं झाली तिला, पण नाक अजून तुझ्यासारखंच ओढते. कुठल्याशा प्रदर्शनात ते पुस्तक मिळालं, काल वाचून संपलं, आणि तेव्हापासून डोळ्याचं पाणी खळत नाही म्हणून माझ्याकडे आली. "ताई, अर्ध्यातच मला शेवट ठाऊक होता," म्हणाली. मी म्हटलं, लहानपणी कुणाकडून ऐकला असशील. पण माय, तू ते पुस्तक पुन्हा घरात येऊ दिलं नव्हतंस, मीही तिच्यापुढं कधी त्याचं नाव काढलं नाही. मग ती डोळे पुसून म्हणाली, "पण एक चुकलंय बघ यात. तिला पाणी कुणीच दिलं नाही असं लिहिलंय. दिलं होतं ना? गडव्यात? बाहेर ठेवलेलं?"

मी हातातला चहा खाली ठेवला, माय. मग मी तिला सगळं सांगितलं. आपलं सुतक, चाचीच्या लाह्या, बाबांचा पटका, टोपली. ती लहान पोरीसारखी मांडी घालून ऐकत होती. शेवटी विचारलंच तिनं, "मग पिठावर काय उमटलं होतं?"

पाखराचं पाऊल, मी म्हणाले. हलकीच झाली ती. चला, सुटली म्हणायची बिचारी, असं म्हणून तिनं डोळे पुसले, दोन भाकरी खाल्ल्या आणि आत जाऊन झोपली. तू मला जसं जेवायला लावलंस तसंच मी तिला लावलं.

हे पत्र तुला कुठं धाडणार? आणि घरात राहिलं तर तिच्या हाती लागेल. ती उठायच्या आत बंबात घालते. तेवढ्यात तुला एक सांगून टाकते. त्या सकाळी मी तुझ्या मागंच उभी होते, तुझ्या खांद्यावरून मलाही दिसलं. लक्ष्मीची पावलं काढताना मूठ टेकवून वर बोटं उमटवतात, तेवढंसं माणसाचं पाऊल होतं ते, उंबऱ्याकडून घरात येणारं. तूच काढलंस का, असंही मी पुढं मनात खूप घोळवलं, पण मग तू ते पुसलं नसतंस.

तिच्या उशाशी पाण्याचा गडवा भरून ठेवलाय.