तिच्या हाताची चव

४ ऑक्टोबर
आले बाई एकदाची माझ्या घरी! चाळिशीला टेकलेल्या मिझुहोला आता कोण पत्करतंय, असं म्हणणाऱ्या ऑफिसातल्या साळकाया-माळकायांनी येऊन बघावं. मात्सुमोतो शहराच्या कडेला स्वतंत्र घर, अंगणात फळांनी वाकलेलं पर्सिमनचं झाड, खिडकीत डोंगर. माझ्या नवऱ्याने, एइजीने, न्हाणीत कढत पाणी भरून ठेवलं होतं. फोनवर आम्हाला एकमेकांचा ठावठिकाणा दिसावा, अशी सोयही त्याने आजच करून घेतली. म्हणाला, तू नजरेआड झालीस की माझा जीव टांगणीला लागतो. इतकी काळजी माझ्या आईनेही कधी केली नाही.

संध्याकाळी रिवाजाप्रमाणे समोरच्या तीन आणि बाजूच्या दोन घरी नवे टॉवेल देऊन आले. शेजारच्या हिसानोआजींनी मला खालून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "अगं बाई, दुसरी आणली?" म्हातारीच्या तोंडाला काही धरबंध नाही.

६ ऑक्टोबर
ओट्याखाली एक मातीची बरणी आहे. आत तांदळाचा खारवलेला ओला कोंडा, त्यात काकडी, वांगी, मुळा मुरायला पुरलेले. हा कोंडा रोज हाताने खालीवर करावा लागतो, एरवी कुजतो. आणि ज्याचा हात, त्याची चव, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल.

बरणी चिगुसाची, म्हणजे एइजीच्या पहिल्या बायकोची. तिच्या पणजीपासून चालत आलेली. बाई घर सोडून गेली, बरणी राहिली. एइजी रोज सकाळी अस्तन्या सारून तिच्यात कोपरापर्यंत हात घालतो. मी करते म्हटलं, तर म्हणाला, "तू नको. त्याला दुसरा हात सोसत नाही." मग दिवसभर त्याच्या बोटांना तिचा वास. सवत घरात नाही आणि तरी तिच्याच हातचं जेवायचं, याला काय म्हणावं?

११ ऑक्टोबर
आज त्याने आपणहून सगळं सांगितलं. कोर्टाची त्याला मनाई आहे. चिगुसाच्या घराजवळ फिरकायचं नाही, कामाच्या जागी जायचं नाही, फोन नाही, चिठ्ठी नाही. पालिकेतही तिचा पत्ता झाकून ठेवलाय. मुदत संपली की बाई पुन्हा अर्ज करते. एइजी हसून म्हणाला, तिला पहिल्यापासून नाटकाची हौस.

मला राग आला तो तिचा. एका बाईसाठी कोर्ट, पोलीस, पालिका, सगळी दुनिया कामाला लागलेली! माझ्यासाठी आजवर कुणी साधी छत्री धरली नाही.

झोपायच्या खोलीच्या दाराला बाहेरच्या बाजूने कडीच्या स्क्रूंची भोकं दिसली. महाराणींना एकांत लागत असेल.

१९ ऑक्टोबर
मी काकडी तिरकी कापली. तो ताटाकडे बघून म्हणाला, "चिगुसा गोल कापायची." बस्स. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, आज ती बरणी नाल्यात ओतते.

तो अजिबात चिडला नाही. म्हणाला, जिवंत वस्तू कशी ओतायची, पाप लागेल. ज्याची त्याला द्यावी. पण त्याला पत्ता ठाऊक नाही आणि शोधायचीही सोय नाही. हिसानोआजींना ठाऊक असेल. त्याला त्या मेल्या तरी सांगणार नाहीत. मग माझे केस मागे सारत म्हणाला, "आदेशात माझं नाव आहे. तुझं कुठे आहे?"

खरंच की. माझं नाही.

२३ ऑक्टोबर
आजींकडे बरणी घेऊनच गेले. आधी त्या दारही उघडेनात. मग मी झाकण काढलं. त्यांनी वास घेतला, बोटाने चिमूटभर कोंडा चाखला आणि डोळ्यांना पदर लावतात तसा एप्रन लावला. "त्याने मरू नाही दिला गं," एवढंच म्हणत राहिल्या. ती पळाली त्या दिवशी बरणी मागे राहिली म्हणून किती रडली होती, तेही सांगितलं. पोलिसांच्या सांगण्यावरून आजींनी पोटच्या लेकालाही पत्ता सांगितला नव्हता. पणजीचा कोंडा बघून मात्र पाघळल्या. इतोइगावा गावात, बंदराजवळ, सुक्या मासळीचं दुकान. माझ्या नवऱ्याला कळू देणार नाही, अशी शपथ घातली. मी घेतली. बाई दिसते तरी कशी, ते एकदा बघायचंच होतं.

२७ ऑक्टोबर
बरणी मांडीवर घेऊन आगगाडीने गेले. चिगुसा माझ्यापेक्षा ठेंगणी, केस पिकलेले. गळ्यात दोरीला पिवळा भोंगा, पोलिसांनी दिलेला. खेचला की बोंबलतो म्हणे. हिच्यासाठी मी जळून खाक होत होते?

वाटलं होतं, बरणी बघून ऊर बडवून रडेल. तिने हातही लावला नाही. माझ्या पिशवीकडे बघून विचारलं, "फोन आणलायस?" हो म्हटलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. दुकानाचं शटर खाली ओढता ओढता म्हणाली, त्याला काकडी कधीच आवडत नव्हती. मग कोंडा कशासाठी राखला, एवढं तरी डोकं चालव. आणि घरी जाऊ नकोस.

बरणी तिच्या दारातच ठेवून मी घरी आले. कुठे जाणार?

घर रिकामं. एइजीची गाडी नाही.

२८ ऑक्टोबर
एइजी आला नाही. फोनवर माझं ठिकाण त्याला दिसतं. त्याचं मला दिसत नाही. हे मी आज पहिल्यांदा बघितलं.

पोलिसांना फोन केला. विचारलं, तुम्ही तिच्या कोण? काय सांगू — सवत?

तरी नाव आणि दुकान सांगितलं. ते म्हणाले, दुकान बंद आहे, बाई घरी नाही, शोध सुरू आहे.

२९ ऑक्टोबर
आजींच्या दारात पोलिसांची गाडी. आजी बाहेर आल्या. माझ्याकडे बघितलं नाही. मी दिलेला टॉवेल आमच्या फाटकावर टाकून गेल्या.

तो आलाय. गुणगुणतोय.

बरणी पुन्हा ओट्याखाली आहे.

त्याला विचारलं, तू तिथे गेलास? म्हणाला, "मी कुठे गेलो? गेलीस तर तू."

३० ऑक्टोबर
आज त्याने अस्तन्या सारल्या नाहीत. माझं मनगट धरून म्हणाला, "आजपासून तुझा हात." मी महिनाभर हेच मागत होते —

कोंडा गार. तळाशी काहीतरी टणक लागलं. काकडी नव्हे. पिवळं. दोरी तुटलेली —

तो बघत होता. मी ते पुन्हा खाली दाबलं. दिसलं नाही असं दाखवलं. चांगलं जमलं, असं वाटतंय.

न्हाणीत बसून लिहितेय. हाताचा वास जात नाही. दोनदा घासला.

बाहेर ड्रिलचा आवाज. खोलीच्या दाराशी. जुनीच भोकं आहेत, वेळ लागणार नाही —

आणि मी काय करतेय, तर अजून तिच्यावर जळतेय. तिच्याकडे कोर्टाचा आदेश होता. भोंगा होता. तोंड शिवून बसणारी शेजारीण होती. माझ्याकडे —

ड्रिल थांबलं. विचारतोय, आत इतका वेळ काय कर