लाकडी पिंपातलं गुऱ्हाळ

तीर्थरूप आप्पा,

पाया पडते. आईला वाचून दाखवताना 'व्हिस्की' म्हणू नका, 'कारखाना' म्हणा.

आवं, लय मोठी बातमी हाय! यंदाच्या खास सिंगल माल्ट व्हिस्कीसाठी कारखान्याच्या साहेबानं आमाला सात लाकडी पिंपांतून एक निवडायला लावलं. कुणाला मधाचा वास आला, कुणाला मनुक्यांचा. चौथ्याला नाक लावलं आन् मला आपलं वाळव्याचं गुऱ्हाळच दिसलं. काहिलीत रस उतू येतो ना, तवाचा वास! मी तेच पिंप धरून बसले. शेवटी साहेबानंही तेच ठरवलं!

घोट घेताना मात्र सवयीनं बोट बुडवून दोन थेंब जमिनीवर उडवले, तुमी मिलिटरीची रम घेताना पितरांसाठी उडवायचा तसे. सगळे बघतच राहिले. कारण सांगितलं, तर साहेबानंही बोट बुडवलं.

स्कॉटलंडात थंडी हाय, पण मी बरी हाय. जेवते वेळेवर. तुमी गोळ्या घेता ना? खरं सांगा.

दिवाळीला ती बाटली आणते. डॉक्टरांनी तुमाला प्यायला बंदी केलीय, हुंगायला न्हाई. पितरांचे थेंब तुमीच उडवा, मग दोघं मिळून नुसतं हुंगू.

तुमच्याच नाकाची,
शिवांजली