रायफलीला पट्टा कुठे लावावा

सोमवार, ३ फेब्रुवारी १९८६

बाबांच्या बंदुकीचा परवाना आज एकदाचा माझ्या नावावर झाला. राजापूरहून कागद घेऊन आलो. त्यावर 'एकनळी बंदूक' असं लिहिलंय. लिहू दे. मी रायफलच म्हणणार. मुंबईला असताना दोन वर्षं होमगार्डात काढलीत, मला कोणी शिकवू नये.

संध्याकाळी गावाचे प्रमुख मानकरी, गावकर महिपतकाका, ओटीवर आले. होळीच्या आधल्या रविवारी गावाची पारध. ओरडत रान उठवलं, म्हणजे हाकारा झाला, की डुक्कर शेवटी खिंडीत येतं, म्हणून खिंडीची जागा मानाची, आणि ती पणजोबांपासून आमच्या घराची. बाबा तिथे तीस वर्षं उभे राहिले. काका म्हणाले, यंदा तू उभा रहा दादू, पण जनावर सुटलं तर पुढच्या वर्षापासून जागा भिवाची. गावाने ठरवलंय.

भिवा! शेजारचा. ठासणीची बंदूक, तीही सुंभाने आवळून बांधलेली. तो आमच्या खिंडीत उभा राहणार? मी जिवंत असताना?

निश्चय : उद्यापासून रोज सकाळी सहाला नेमाची प्रॅक्टिस.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

प्रॅक्टिस झाली नाही. रायफलीला पट्टाच नाही! बाबा हातात धरून हिंडायचे. अडाणीपणा सगळा. आधी पट्टा, मग नेम. कामं शिस्तीत व्हायला हवीत.

शनिवार, ८ फेब्रुवारी

राजापूर. दाजी चपलेवाल्याकडून पट्टा करून घेतला. कातडं फर्स्ट क्लास. पण त्याने विचारलं काय, तर कड्या कुठे बसवणार? मागची लाकडी दस्त्याच्या खाली की बाजूला? पुढची नळीवर की नळीखालच्या लाकडावर? आधी कड्या ठरवा, मग लांबी कापतो म्हणे. मी म्हटलं, हा टेक्निकल प्रश्न आहे, तू दोन हात काप. तो हसला. चपला शिवणारा मला हसतो! परत त्याच्याकडे पाऊल टाकणार नाही.

येताना एस्टीत उभ्याने.

रविवार, ९ फेब्रुवारी, दुपार

सुतळी बांधून ट्रायल. पुढचं टोक पार नळीच्या तोंडाशी घेतलं, ऐट येते. खांद्यावर टाकून स्वयंपाकघरात गेलो तर नळी दाराच्या चौकटीला अडकली आणि मी मागे बसलो. बायको, गुणवंती, म्हणाली, डोक्याच्या वर हातभर जातेय, जाळीत काय होईल? मी म्हटलं, खिंडीत दारं नसतात. ती म्हणाली, करवंदी असतात.

बायकांना यातलं काय कळतं? बोलणं बंद केलंय. जेवलो मात्र.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

आत्माराम सुताराला बोलावून दस्त्याच्या खाली भोक पाडून मागची कडी बसवली. बरगडीत टोचते. काढली. डाव्या बाजूला दुसरं भोक. आता कोपराला लागते. उजव्या बाजूला तिसरं भोक पाड म्हटलं तर आत्माराम म्हणतो, दादूभाऊ, चाळण करायची आहे काय? डोकंच फिरलं. पैसे कोण देतो, तू का मी? पाडलं मुकाट. तिसरी जागा बरोबर आहे. मी पहिल्यापासून हेच म्हणत होतो.

प्रॅक्टिस : पुढची कडी बसली की लगेच.

सोमवार, २४ फेब्रुवारी

भिवा पडवीत येऊन भोकं बघून गेला. विचारतो, बंदूक आहे का पावा? तळपायाची आग मस्तकात गेली. वर मला सांगतो, पट्टा राहू दे, चल माझ्याबरोबर खिंडीत, चार दिवस बंदूक नुसती हातात धरून उभा रहा, जनावर डोळ्याचं पातं लवायच्या आत जातं.

आव बघा! जागा हडपायची आहे आणि वर मायेचा पुळका. मी एक शब्द बोललो नाही. म्हणजे तसं बरंच बोललो, पण तो निघून गेल्यावर.

रविवार, ९ मार्च

पुढची कडी नळीवरच, हे नक्की. आत्माराम म्हणाला, नळीला भोक पाडायचं पाप मी करणार नाही. भेकड. मग लोहाराकडून कडी जोडलेलं लोखंडी वळं करून आणलं, नळीवर सरकवून घट्ट बसणारं. ते सरकेना. का, तर नळीच्या टोकावर नेम धरायचा जो मणी असतो, ज्याला माशी म्हणतात, ती मध्ये येते.

कानस घेतली आणि माशी घासून काढली. वळं झकास बसलं. आत्माराम कपाळाला हात लावून बघत होता. गुणवंतीने विचारलं, आता नेम कसा धरायचा? मी सांगितलं, नेम डोळ्यात असतो.

गुरुवार, २० मार्च

दाजीने पट्टा आखूड कापलाय! कड्या आहेत तिथे लावला तर खांद्यावर बसतच नाही. गळ्यातून आडवाच घालावा लागतो, आणि तोही अंग चोरून. हलकट माणूस.

पण विचार केला तर हेच उत्तम. दोन्ही हात मोकळे राहतात. काढायचं तंत्र सोपं : मान खाली, डावं कोपर आत, उजवा खांदा झटकायचा. घरात करून बघितलं. गुणवंतीला ओढावं लागलं, पण ते पहिल्यांदाच. हाकाऱ्याची ओरड लांबून ऐकू येते, वेळ भरपूर मिळतो.

शनिवार, २२ मार्च

प्रॅक्टिस नाही. दिवसभर पट्ट्याला तेल लावलं. उद्या भिवाचं तोंड बघण्यासारखं होणार.

रविवार, २३ मार्च, संध्याकाळ

नऊला खिंडीत उभा राहिलो. गावाच्या एकूण सात बंदुका. भिवा खाली ओढ्याच्या वळणावर.

हाकारा सुरू झाला. ओरड अजून लांबच होती आणि डुक्कर पुढ्यात आलं. वीस पावलांवर. मान खाली घातली. कोपर आत घेतलं. खांदा झटकला. वळं करवंदीत अडकलं. ओढलं तर अख्खी जाळी अंगावर आली. डुक्कर थांबलं आणि माझ्याकडे बघत राहिलं. मग माझ्या बाजूनेच, घाई न करता, खाली गेलं.

खाली एकच बार झाला. भिवाचा.

महिपतकाका कोयता घेऊन वर आले. दाजीचा आखूड पट्टा, लोहाराचं वळं, आत्मारामचा नन्नाचा पाढा, सगळं सांगायची तयारी होती माझी. काकांनी जाळी तोडली, मला सोडवलं आणि विचारलं, लागलं नाही ना कुठे? मी नाही म्हटलं. पट्टा गळ्यातच ठेवून त्यांच्या मागून खाली उतरलो.

ओढ्याकाठी मटणाचे वाटे पानांत बांधून मांडले. बंदुकीचा वाटा मोठा, हाकाऱ्याचा लहान, ही गावाची रीत. काकांनी बंदुका मोजल्या. सहा म्हणाले. कोणी चूक काढली नाही. हाकाऱ्यांच्या रांगेतलं एक पान माझ्या हातात दिलं. मी घेतलं.

घरी आलो. गुणवंतीने विचारलं, कसला वाटा? मी म्हटलं, बंदुकीचा.

तिने पान सोडलं. बघितलं. बराच आहे की, म्हणाली, आणि चूल पेटवायला गेली.