बोंबलाच्या दोरीवरचे बूट

माहीम, ता. पालघर
१४ ऑक्टोबर १९८८

प्रिय दादा,

तुझं हॅम्बर्गहून टाकलेलं पत्र परवा मिळालं. चारही पानं वाचली, मागून पुढून पाहिली, शेवटी पाकीटही झटकलं. वहिनीसाठी एक ओळ नाही. मे महिन्यापासून हे तिसरं पत्र असं. पोस्टमन आला की ती हातातलं काम टाकून ओट्यावर येते, पाकिटावरचं नाव बघते आणि "भावजी, तुमचं हाय" म्हणून आत निघून जाते. बुटांच्या एका जोडापायी बायकोशी अबोला धरणारा नवरा अख्ख्या माहीमात तूच असशील.

ते बूट तुझ्या जिवाचे, हे मला मान्य आहे. बोट बंदराला लागली की बाकीचे खलाशी कुठे कुठे जातात आणि तू जुन्या बाजारात जाऊन कुणा खेळाडूने झिजवलेले बूट हुडकतोस. नवे तुला नकोतच. आणलेलेही पायात घालायचे नाहीत, फळीवर मांडायचे. गाव हसतं, आम्हीही हसतो. त्यातला घोट्यापर्यंत येणारा लाल जोड तुझा सगळ्यांत लाडका, आणि नेमका तोच धुतला गेला. मग नाडीला नाडी बांधून बोंबील सुकवायच्या दोरीवर चार दिवस टांगला गेला, तोही वैशाखाच्या उन्हात, खाऱ्या वाऱ्यात. आपल्याकडे ओलं काही दिसलं की त्या दोरीशिवाय दुसरं सुचतं कुणाला? चामडं वाळून कडक झालं, वर मीठ फुटलं, तळवे सुटून लोंबायला लागले. वास तर विचारूच नकोस. वहिनीने तुला सगळं कळवलं. तू दोन ओळींचं उत्तर धाडलंस. त्यात काय होतं ते तिने मला दाखवलं नाही, पण दोन दिवस ती धड जेवली नाही.

तिसऱ्या दिवशी तिने ते बूट मांडीवर घेतले. दादा, यापुढचं तुला सांगायचं नाही असं तिने मला बजावलंय. "बगतील तवा बगतील," म्हणाली. पण मला राहवत नाही.

आधी महिनाभर तिने फक्त मीठ काढलं. ओलं फडकं घट्ट पिळायचं, पुसायचं, वाळू द्यायचं, सकाळी पुन्हा मीठ वर आलेलं असायचं, पुन्हा पुसायचं. मी असतो तर आठव्या दिवशी खाडीत भिरकावले असते. मग एरंडेल. तेही एकदम फासलं नाही. आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी बोटभर लावून दोन दिवस वाट पाहिली, रंग काळवंडत नाही म्हटल्यावर बाहेर हात लावला. बूट आतून बसू नयेत म्हणून भाताच्या तुसाच्या पुरचुंड्या करून पुढच्या टोकापर्यंत ठासल्या. त्याने आकार आला, आणि तुसाने वासही बराच ओढून घेतला.

शिवणीत मात्र ती फसली. जाळ्याचा नायलॉन दोरा घेतला, आपल्या हाताला सवयीचा तोच. इतका पक्का बसला की ओढताना त्याने चामडंच कापलं. तिने सगळा दोरा उसवला, साधा सुती दोरा मेणावर ओढून घेतला आणि जुन्या भोकांतूनच एकेक टाका घातला, नवं भोक एकही पाडलं नाही. मला म्हणाली, ताण आलाच तर दोऱ्याने तुटावं, चामड्याने नाही. बारा वर्षं कारखान्यात फिटर आहे मी, पण इतकं शहाणपणाचं आमच्या साहेबाच्या तोंडूनही ऐकलं नाही.

तळव्यांसाठी मी बोईसरहून सायकलवाल्याकडचं पंक्चरचं सोल्यूशन आणि घासायला पॉलिश पेपर आणून दिला. दोनदा चिकटवले, दोनदा सुटले. शेवटी मी आमच्या खात्यातल्या कानपूरच्या माणसाला विचारलं. तो पूर्वी बुटांच्या कामात होता. "अरे, पहले सूखने दो, फिर चिपकाओ," म्हणाला आणि पोट धरून हसला. तसं केलं. दोन्हीकडे लावून, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबून तिने तळवे दाबले आणि सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळून आवळले. भर पावसाळ्यात ते वाळायला दुपारच्या दुपार जायची. शेजारची येसूबाई दारावरून जाताना टोमणा मारायची, "घरात जाळी फाटलेली हाय, आनि तू बुटं काय शिवतेस गो?" वहिनी मान वर करायची नाही.

डाव्या बुटाच्या पुढच्या भागावर एक खोल घडी आहे, आठवते? मी म्हटलं, ती भरून वर लाल रंग मारू, नव्यासारखा दिसेल. तर माझ्यावर डोळे वटारले. कधीतरी पत्रात तू तिला लिहिलं होतंस म्हणे, की ज्याचे हे बूट होते तो त्याच पायावर गर्रकन वळत असणार, त्या घडीत मला त्याचा खेळ दिसतो. दोन वर्षांपूर्वीचं पत्र, दादा. तिला शब्दन् शब्द पाठ. घडी तशीच आहे. तू विसरला असशील, तिने सांभाळली. अशी बायको मिळाली हे तुझं नशीब, आणि अशी वहिनी मिळाली हे माझं.

आता जे लिहायला पाच महिने धीर झाला नाही, ते लिहितो. बूट वहिनीने धुतले नव्हते. मी धुतले. कंपनीच्या व्हॉलीबॉलच्या सामन्याला मिरवायला मीच ते फळीवरून काढले, पाणी मारलेल्या मैदानावर चिखलात लोळवले, आणि तुझ्या भीतीने धुऊन त्या दोरीवर टांगले. बाबांच्या होडीवरून आपल्या दोघांत झालेलं भांडण तेव्हा नुकतंच मिटलं होतं. मी तुला लिहायला बसलो तर तिने कागद ओढून घेतला. "भावजी, तुमी दोगं भाव परत तुटाल. माज्यावर रागावले तर किती दिस रागावतील?" म्हणाली. दोष स्वतःवर घेतलेलं तिचं ते पत्र मीच पोस्टात टाकून आलो. दादा, पाच महिने झाले. मला काय शिव्या घालायच्या त्या डिसेंबरात येशील तेव्हा समोर उभं करून घाल, पण आज तिला पत्र लिही. पाकिटावर तिचं नाव घाल.

तुझाच, मार खायला तयार असलेला,
प्रताप